कराबिलाचा सगळ्यात नवा माणूस

कराबिलाच्या रोडिओला यंदा साठ वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं तिथली मेलेली जनावरं धर्मपाल सोनकांबळे ह्याने ओढली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण साठाव्या वर्षाचं जे गुळगुळीत पुस्तक छापलंय त्यात हे वाक्य तुम्हाला सापडणार नाही. त्यात केकचे स्टॉल आहेत, पहिल्या वर्षीचे मिशीवाले घोडेस्वार आहेत, आणि ‘साठ वर्षांत आम्ही एकही जनावर गमावलं नाही’ असं ठळक अक्षरांत आहे. किळस येते वाचून. त्यातही गंमत अशी की ते पुस्तक लिहिलं धर्मपालनेच.

धर्मपाल मूळचा नांदेडचा. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या युनिव्हर्सिटीत सिव्हिलचं मास्टर्स करायला आला तेव्हा इतर पोरांसारखी त्यालाही एक सवय लागली. कोणी काही काम सांगितलं की आधी ‘नो वरीज’ म्हणायचं आणि मग काम काय आहे ते बघायचं. पिझ्झाच्या दुकानात तेच, पोर्ट केम्ब्लाच्या गोदामात रात्रपाळीला तेच. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात पडेपर्यंत नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती. पीआर झाल्यावर बाकीच्यांची ती सवय सुटली. त्याचा तेव्हाचा रूममेट हृषीकेश आता कॅसल हिलला चार बेडरूमच्या घरात राहतो आणि मॅनेजरलासुद्धा तोंडावर नाही म्हणतो. धर्मपालची मात्र सुटली नाही. पीआरच्या पॉइंटांसाठी दोन वर्षं खेड्यात काढायची म्हणून त्याने कराबिलाच्या कौन्सिलमध्ये रस्त्यांच्या खात्यात नोकरी धरली, आणि तिथलाच झाला. बायको गिरिजा तिथल्या छोट्या हॉस्पिटलात नर्स. गाव नऊशे वस्तीचं, सिडनीहून सहा तासांवर. एक रस्ता, दोन पब, धान्याचं एक उंच कोठार, आणि वर्षातून एक दिवस रोडिओ, उसळत्या घोड्या-वळूंवर बसायच्या खेळांची जत्रा.

आता रोडिओबद्दल खरं तेही सांगायला हवं. साठ वर्षांपूर्वी पूर आला, पूल वाहून गेला, आणि शहरातून निघालेली ॲम्ब्युलन्स पोचेपर्यंत एक बाळंतीण दगावली. तेव्हा चार शेतकरी कुटुंबांनी ठरवलं की गावाची स्वतःची ॲम्ब्युलन्स हवी, आणि त्यासाठी फुटबॉलच्या मैदानावर कुंपण ठोकून पहिला रोडिओ भरवला. तेव्हापासून आजतागायत एकही माणूस पगारी नाही. खांब रोवणारे, चहा करणारे, संडास धुणारे, माइकवर बडबडणारे, सगळे गावचेच. महिनाभर आधी पोस्ट ऑफिसच्या भिंतीवर कामांचा रोस्टर लागतो आणि प्रत्येकजण आपल्या नावापुढचं काम मुकाट्याने करतो. धर्मपालला हे मनापासून आवडायचं. गावासाठी काही करायचं तर गावाने त्याला आपला म्हणायला हवं, आणि इथे तसं होतंय असं त्याला वाटलं. हे वाटणंच त्याला नडलं.

कमिटीच्या पहिल्या मीटिंगला अध्यक्ष ग्रेगने त्याच्या खांद्यावर हात टाकला. ग्रेग म्हणजे सहा फुटी, हसरा, कोणाचं शेत पेटलं तर पाण्याचा टँकर घेऊन आधी पळणारा माणूस. त्या चारांपैकी एका शेतकऱ्याचा नातू. धर्मपालचं परस्पर पॉल करून टाकत तो म्हणाला, “पॉल, आपल्याकडे एक पद्धत आहे. कमिटीत सगळ्यात नवा जो असेल त्याने साखळी सांभाळायची. पुढचा नवा आला की त्याच्याकडे द्यायची.”

“नो वरीज, मेट,” धर्मपाल म्हणाला. त्याला वाटलं, फाटकाची साखळी असेल.

साखळी कसली ते त्याला रोडिओच्या दिवशी दुपारी कळलं. एक घोडा उसळता उसळता कठड्यावर आदळला आणि त्याची पाठ मोडली. पाच जण हिरवी ताडपत्री घेऊन धावले आणि तिचा आडोसा धरून उभे राहिले, लोकांना दिसू नये म्हणून. माइकवरचा माणूस म्हणाला, घोडेबुवा जरा विश्रांती घेतायत, आणि त्याने गाणं लावलं. आडोशामागे व्हेटने, जनावरांच्या डॉक्टरने, सुई मारली. घोड्याचे पाय ताणले गेले, मग सैल पडले. जीभ बाहेर आली, तिला धूळ चिकटली, आणि खालून सगळं सुटलं. त्या उन्हात तो वास अंगावर धावून आला. मग त्या पाचही जणांनी धर्मपालकडे पाहिलं. ग्रेगने हळूच म्हटलं, “पॉल, चेन.”

त्याने मागच्या पायांना साखळी अडकवली, दुसरं टोक आपल्या युटच्या, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, हुकात टाकलं आणि घोडा मैदानाबाहेर ओढत नेला. झाडामागे खड्डा तयारच होता. परत आला तेव्हा लोक मीट पाय, म्हणजे खिमा भरलेल्या गोल पेस्ट्र्या, खात होते, सॉस ओघळत होता, आणि ग्रेगची बायको त्याला म्हणाली, “गुड ऑन यू, पॉल.” त्याने चहाच्या स्टॉलमागे भांड्यांच्या साबणाने तीनदा हात धुतले आणि तरी बोटांना वास येत होता. घरी गिरिजाने वास कसला विचारलं तेव्हा ग्रीसचा म्हणाला. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. गिरिजा ताडकन म्हणाली, “सोडून दे ती कमिटी.” तो म्हणाला, “अगं, पुढच्या वर्षी नवा कोणी येईलच की.”

गिरिजाचं ताडकन बोलणं उगीच नव्हतं. हे काम त्यांच्या घरांनी कधीचं टाकलं होतं. धर्मपालची आई लताबाई तेव्हा सात वर्षांची होती. बाबासाहेबांचं ऐकून वस्तीने धम्म घेतला आणि मेलेली ढोरं ओढायची नाहीत असं ठरवलं. पाटलाचा बैल मेला तेव्हा तिच्या वडिलांना बोलावणं आलं. ते गेले, वाड्यासमोर उभे राहिले आणि नाही म्हणाले. पाटील गोड बोलला. फक्त आजचा दिवस, म्हणाला. वडील परत आले. बैल तीन दिवस तसाच दारात पडून राहिला, फुगला, फुटला, गावभर वास सुटला. विहीर बंद झाली, गिरणी बंद झाली, वडिलांचे दोन दात गेले. पण ढोर काही त्यांनी ओढलं नाही. लताबाई पुढे शाळेत मास्तरीण झाली आणि धर्मपालला हे जेवताना, अभ्यास घेताना, स्वतःची वेणी घालता घालता इतक्यांदा सांगितलं की त्याला ते तोंडपाठ होतं. आणि हा तिचा मुलगा सात समुद्र ओलांडून गेला आणि फुकटात तेच करत बसला. पगारसुद्धा नाही. स्वखुशीने.

नऊ वर्षांत अशी चार जनावरं झाली. दोन घोडे, एक वळू, एक गोऱ्हा. धर्मपालने मनाची समजूत घातली की हे काही ते नव्हे. इथे जात कुठे आहे, इथे फक्त रोस्टर आहे. शिवाय ओढतंय युट, आपण थोडेच ओढतोय. माणूस स्वतःला काय काय पटवतो. दर वर्षी हात जास्त सराईत झाले. गाठ कुठे बसवायची, चामडी कुठे सोलवटत नाही, हे त्याला अंधारातही जमलं असतं. आणि दर वर्षी ग्रेग सगळ्यांसमोर म्हणायचा, “तुझ्याइतकं नीट आजवर कोणाला जमलं नाही.” ह्या वाक्याने त्याची छाती फुगायची. फुगायची, खरंच. हे आठवलं की आता त्याला स्वतःचीच शिसारी येते.

साठावं वर्ष आलं तसं इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं, आणि कॉम्प्युटर येतो म्हणून ते पॉलच्या गळ्यात पडलं. नो वरीज. ग्रेगने आपल्या शेडमधून बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणून दिले. त्यात साठ वर्षांची इतिवृत्तं होती, शाईने लिहिलेली, उंदरांनी कुरतडलेली. धर्मपाल रोज संध्याकाळी ती वाचत बसायचा. एखादं जनावर मेलं की त्यापुढे ‘स्पर्धेतून मागे घेतलं’ असं लिहिलेलं असायचं. मेलं हा शब्द साठ वर्षांत एकाही सेक्रेटरीच्या लेखणीतून उतरला नव्हता. आणि त्याच ओळीत पुढे, साखळी अमक्याकडे.

पहिली चौदा वर्षं साखळी लेसकडे. लेस त्याच मातीतला, ह्या चार कुटुंबांचे आजे जहाजातून उतरायच्या आधी हजारो वर्षं तिथे असलेल्या लोकांपैकी. पंचक्रोशीत त्याच्यासारखा घोडेस्वार नव्हता, आणि इतिवृत्तात त्याला आडनावसुद्धा नाही. त्यानंतर टोनी, टोमॅटोची शेती करणारा इटालियन. मग टिम, बेकरीवाला व्हिएतनामी, त्याच्याकडे तर पंधरा वर्षं. मग खाटीकखान्यात कामाला आलेला एक फिलिपिनो, जो. मग पॉल. झाली साठ वर्षं. पाच माणसं, आणि पाचांपैकी दोघांची नावंसुद्धा ह्यांनी आपल्या सोयीने ठेवलेली.

धर्मपालने पानं उलटीपालटी करून पाहिली. लेस कमिटीत आला त्यानंतर सात जण आले होते. टिमच्या पंधरा वर्षांत अकरा. स्वतः त्याच्यानंतर तिघे आले होते, त्यात ग्रेगचा पुतण्या जेसन चार वर्षांपूर्वी. त्यांच्याकडे साखळी गेली नाही. कशी गेली नाही, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं नव्हतं म्हणजे त्याने येऊ दिलं नव्हतं. त्याने ग्रेगला सहज विचारल्यासारखं विचारलं, तर ग्रेग हसून म्हणाला, “जेसन कुठे नवा, मेट? त्याच्या पणजोबाने इथले खांब रोवलेत.”

म्हणजे नवेपण जन्मावर होतं. चौदा वर्षं राबलेला लेस नवा, आणि काल मिसरूड फुटलेला जेसन जुना. हे गणित धर्मपालला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या सात पिढ्या त्याच गणितात गेल्या होत्या. त्याने त्याच रात्री एक पान लिहिलं: साखळी कोणी ओढली, किती वर्षं, त्यांची पूर्ण नावं काय. लेसचं आडनाव शोधायला तो नदीपलीकडे त्याच्या नातीकडे जाऊन आला. ग्रेगने पान वाचलं, मान हलवली, खूप छान लिहिलंयस म्हणाला. मग म्हणाला, “पण वाढदिवस आहे ना आपला. लोक मुलाबाळांना घेऊन वाचणार. साखळीचं राहू दे.” आणि त्या जागी ते एकही जनावर न गमावल्याचं वाक्य घालायला सांगितलं.

आणि धर्मपाल काय म्हणाला? नो वरीज म्हणाला. पान खिशात घातलं आणि वाक्य टाइप केलं. धन्य आहे.

त्याच वर्षी लताबाई पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात आली. मुलगा गावच्या कमिटीवर आहे, गोऱ्या लोकांच्या जत्रेचा इतिहास त्याने लिहिलाय, हे ती नांदेडला चार घरी सांगून आली होती. सिडनीच्या विमानतळावर तिला हृषीकेशने उतरवून घेतलं आणि शुक्रवारी दुपारी बायकोमुलीसकट गाडी घेऊन कराबिलाला आला. पोरीला काउबॉय बघायचे होते. लताबाईने वाटेत पिवळ्या फितीची एक गवती हॅट विकत घेतली होती आणि ती घरातसुद्धा काढायला तयार नव्हती.

सामान उतरवताना हृषीकेशला युटच्या मागच्या बाजूला साखळी दिसली. “ही कशाला रे, धर्म्या?”

धर्मपालने हलक्या आवाजात सांगितलं. हृषीकेश फिस्सकन हसला. “साल्या, एवढ्या लांब येऊन शेवटी परत तेच?”

त्याच्या मनात वाईट नव्हतं. असं बोलणाऱ्यांच्या मनात कधीच वाईट नसतं. धर्मपालही हसला, वॉलॉंगॉंगच्या फ्लॅटमध्ये अशा वाक्यांना हसायचा तसाच. मग त्याने साखळीवर एक पोतं टाकलं. गिरिजा सोडली तर त्या नऊशे माणसांत ह्या साखळीचा अर्थ कळणारं कोणी नव्हतं, म्हणून तर नऊ वर्षं निभावली. उद्या मैदानात अर्थ कळणारी माणसं बसणार होती, आणि त्यात आई. तिच्या डोळ्यांदेखत हे होता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

शनिवारी सकाळी त्याने ग्रेगला गाठलं. “आज माझी आई बसणार आहे. एक दिवस साखळी जेसनकडे दे.”

“अरे, होणारच नाही काही,” ग्रेग म्हणाला. “आणि जेसन गेटवर आहे. तू उगाच काळजी करतोस.” त्याने धर्मपालच्या खांद्यावर थोपटलं आणि लताबाईला भेटायला गेला. हॅटचं कौतुक केलं. तुमचा मुलगा नसता तर आमचं कसं झालं असतं, म्हणाला. लताबाईला इंग्रजी समजत होतं. ती लाजून हसली. धर्मपाल बाजूला उभा राहून बुटाकडे बघत होता.

दुपारी तीनला गोऱ्ह्याला लोळवायचा खेळ सुरू झाला. धावत्या घोड्यावरून माणूस गोऱ्ह्याच्या शिंगांवर झेप घेतो आणि मान पिरगाळून त्याला खाली पाडतो. पंचाच्या हातात घड्याळ असतं आणि लोक बियर वर करून ओरडतात. तिसरा गोऱ्हा पडला तो उठलाच नाही. पुढच्या पायाचं हाड कातडीबाहेर आलं होतं. तो तीन पायांवर उठू बघत होता आणि तोंडातून फेस गाळत होता. ताडपत्री धावली. धर्मपालने नेहमीचा कोपरा धरला. माइकवरून आवाज आला, गोऱ्हेबुवा जरा दमलेत. गाणं लागलं. व्हेटने सुई मारली आणि मागे सरकला.

“पॉल, चेन,” ग्रेग म्हणाला.

धर्मपालने ताडपत्रीच्या वरून पाहिलं. समोरच्या बाकांवर पिवळ्या फितीची हॅट होती. शेजारी हृषीकेश. हृषीकेश मैदानाकडे बघत नव्हता, लताबाईकडे बघत होता.

“जेसन माझ्यानंतर आलाय,” धर्मपाल म्हणाला. “चेन त्याची आहे.”

ताडपत्रीचं दुसरं टोक गेट सोडून धावत आलेल्या जेसनच्याच हातात होतं. तो काकाकडे बघायला लागला. ग्रेग हसला, तेच मनमोकळं हसू. “आत्ता नको, मेट. हे आपण मीटिंगला बोलू. फक्त आजचा दिवस.”

फक्त आजचा दिवस. ते वाक्य कोणी शिकवतं की काय ह्यांना, देव जाणे. पाटलाला इंग्रजी येत नव्हतं आणि ग्रेगला मराठी, पण शब्द तेच, लाघव तेच, आणि मागे पडलेलं ढोरही तेच. धर्मपालने हातातला कोपरा सोडून दिला.

ताडपत्री एका बाजूने खाली आली. पुढच्याला ती एकट्याने पेलेना, त्याचाही हात सुटला. पंचक्रोशीतून जमलेल्या दोन हजार लोकांसमोर गोऱ्हा उघडा पडला, हाड बाहेर, जीभ धुळीत, शेपटीखाली घाण पसरलेली. माइकवर गाणं चालूच होतं. कोणीतरी पोरांचे डोळे झाकले. एका बाईने हातातला मीट पाय बाकाखाली ठेवून दिला. हिरव्या ताडपत्रीने साठ वर्षं ह्यांची भूक राखली होती, ती पाच मिनिटांत मेली.

साखळी आणायला कोणी हलेना. जेसन पुतळा झाला होता. सगळ्यांना सगळ्यांचं दुसरं काम आठवलं. वीस मिनिटांनी शेवटी ग्रेग स्वतः युटपाशी गेला, पोतं बाजूला केलं आणि साखळी घेऊन आला. त्याला ती बांधता येत नव्हती. दोनदा निसटली, दोनदा गोऱ्ह्याचा पाय धपकन खाली पडला, ग्रेगच्या कोपरापर्यंत रक्त आलं आणि तो तोंड फिरवून ओकला. धर्मपाल चार हातांवर उभा होता. गाठ खुराच्या वर घे, असं दाखवायला त्याचे हात शिवशिवत होते. मैदानावरच्या सगळ्या घाणीत त्याला सर्वांत घाण वाटले ते हे स्वतःचे हात.

तो कुंपण ओलांडून बाकांपाशी गेला. हृषीकेश फोनमध्ये डोकं घालून बसला होता. गिरिजाने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. लताबाई उठली, हॅट काढून तिने पिशवीत ठेवली आणि म्हणाली, “घरी चल.”

युटमध्ये दोघंच होते. गिरिजा हृषीकेशच्या गाडीत बसली होती. धर्मपालला वाटत होतं, आई आता काहीतरी बोलेल, पाठीवरून हात फिरवेल. आज त्याने आजोबांचं नाव राखलं होतं. आजोबांच्या वेळी वाड्याच्या दारात तीन दिवस, आपलं वीस मिनिटांत झालं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. लताबाई समोर रस्त्याकडे बघत होती.

“त्या माणसाने तुलाच का हाक मारली?” तिने विचारलं.

“माझं काम होतं ते.”

“कधीपासून?”

“नऊ वर्षं.”

लताबाईने काच खाली केली. मग मास्तरीण विचारते तशी सरळ विचारलं, “मी आले नसते तर आज ओढलं असतंस?”

खोटं बोलायला जागा होती. धर्मपालने गिअर बदलला. “हो,” तो म्हणाला. “ओढलं असतं.”

घरी तिने त्याला दारातच थांबवलं, शर्ट काढायला लावला, दोन बोटांत धरला आणि धुवायच्या कपड्यांत न टाकता कचऱ्याच्या डब्यात टाकला. टाकण्याआधी खिसे तपासले, तेव्हा वरच्या खिशातून, तेव्हापासून तो जवळ बाळगत आलेलं, घडी घातलेलं ते पान निघालं. तिने चष्मा लावला आणि ओट्याशी उभं राहून ते इंग्रजी पान शेवटपर्यंत वाचलं. लेस, टोनी, टिम, जो, त्यांची पूर्ण नावं, त्यांची वर्षं.

“ह्यात तुझं नाव नाही,” ती म्हणाली.

“मी लिहिणारा होतो ना, आई.”

तिने भाजीच्या पिशवीशेजारचं पेन उचललं आणि पानासकट त्याच्या हातात दिलं. “मराठीत उतरवून दे मला. नांदेडला वाचून दाखवीन. तिथे सांगून आलेय ना, मुलाने इतिहास लिहिलाय म्हणून.” मग जराशाने म्हणाली, “आणि स्वतःचं लिहिताना नीट लिही. नऊ म्हणजे नऊ.”

धर्मपालने आधी हात धुतले. मग उघड्या अंगाने तिथेच बसून त्याने लिहायला घेतलं, आणि ती समोर खुर्ची ओढून, तो काही गाळत नाही ना ते बघत बसली.